गेनबा फिटर आणि गच्चीवरचा बंब

डोंगरावरच्या एका थंडगार गावात एक भोळा फिटर होता, गेनबा. चाळिशी उलटली होती, पण सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करायचा. सगळा घोळ तिथेच होता.

त्या गावात मथुराकाकूंचं मंगल कार्यालय होतं. आंघोळीला गरम पाणी नाही म्हणून वऱ्हाडं पाठ फिरवायची. दोन वर्षांत तिथे सनई वाजली नव्हती. बिचाऱ्या काकू रडकुंडीला आल्या होत्या. शेवटी तात्यासाहेब नावाचे एक वरपिते म्हणाले, "एक रात्र राहून बघतो. सकाळी कढत पाणी मिळालं तर मुलाचं लग्न इथेच."

काकूंनी लगेच गच्चीवर गॅसचा मोठा बंब आणला. गॅसच्या टाक्या खाली अंगणात. मधला पाइप टाकायला आले यादव मिस्त्री, आणि त्यांच्याबरोबर आपला गेनबा.

"गेनबा, पाइप सरळ वर ने," मिस्त्री म्हणाले.

त्याने सरळ नेला. जिन्याच्या मधोमध, कपाळाच्या उंचीवर. मिस्त्री जिना चढले आणि ठाण्‌! हे एवढं टेंगूळ आलं.

"अरे शहाण्या, वर नेताना भिंतीला धरून न्यायचं! दर दोन हातांवर क्लॅम्प ठोकायचा!"

"असं होय! आता नाही चुकणार."

पाइप झाला एकदाचा भिंतीवर. तेवढ्यात काकूंनी हाक मारली, "गेनबा, मामंजींना गच्चीवर उन्हात ने रे."

मामंजी म्हणजे काकूंचे सासरे, ऐंशीचे. गेनबाने त्यांना भिंतीला धरून नेलं. दोन हातांवर थांबला आणि धोतराच्या सोग्यावर क्लॅम्प ठोकला. मामंजी ओरडायला लागले, म्हणून उपरण्यावरही एक ठोकला.

मिस्त्री धावत आले. "गाढवा, आधी विचारायचं! हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही!"

"असं होय!"

संध्याकाळी मिस्त्री बंबापाशी गेले आणि वरून ओरडले, "खालचा कॉक उघड!"

गेनबा कॉकपुढे वाकला. "उघडू का?"

कॉक गप्प. गेनबाही मांडी घालून बसला. तासाभराने मिस्त्री खाली आले.

"काय चाललंय?"

"विचारतोय. अजून हो म्हणत नाही."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला, नेमका टेंगळावर. "अरे देवा! वस्तूला विचारतात का? कॉक उघडायचा आणि जोडांना साबणाचा फेस लावायचा. फेसात बुडबुडा आला की समजायचं गळती. मग कोणाचं ऐकायचं नाही, पाना घालायचा आणि आवळायचं!"

मिस्त्रींनी स्वतः सगळे जोड तसेच तपासून दाखवले. गेनबाने डोळे फाडून बघितलं.

सकाळी बंब झकास पेटला. रात्री मुक्कामाला आलेले तात्यासाहेब अंगणात दाढीला बसले. वाटीत वाफाळतं पाणी, तोंडभर पांढरा फेस.

"वा काकू, पाणी फक्कड! सुपारी आणा, लग्न इथेच!"

काकूंना इतका आनंद झाला की त्या पळतच आत गेल्या. तात्यासाहेबांनी समाधानाने श्वास सोडला. नाकाखालच्या फेसात एक टपोरा बुडबुडा आला.

गेनबाने तो बघितला.

काकू तबक घेऊन बाहेर येतात तो काय! तात्यासाहेबांचं नाक पान्यात, आणि बोंब पार वेशीपर्यंत. काकूंच्या हातून तबक पडलं. मिस्त्री गच्चीवरून धावत खाली आले.

गेनबा घाम पुसत म्हणाला, "घाबरू नका मिस्त्री, दीड आटा आवळलाय, गळती थांबली. पण नळी फार जुनी आहे बघा. मुलाकडच्यांना सांगा, लग्नाआधी बदलून घ्या!"