माणसे गाळून वाचलेली कादंबरी

“एकच कादंबरी चौथ्यांदा वाचतेय. पहिल्या तीनदा कळली नसेल का?” असे एकदा एक सासू स्वयंपाकघरात आपल्या नणंदेला हळू आवाजात विचारत होती. दाराशी थबकलेली सून मीच. लग्नाला तीन महिने झाले होते, आणि पाऊल न वाजवता चालण्याची नव्या नवरीची सवय अजून गेली नव्हती. नणंद, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, पाठांतराची परीक्षा असेल. दोघी हसल्या. त्या हसण्यात विखार नव्हता. पण मग सासूबाईंनी ठरवून टाकले की दसऱ्याच्या आवराआवरीत सुनेची पुस्तकांची पेटी वाचनालयाला द्यायची. पुस्तके वाचून झालीच आहेत, फराळाच्या डब्यांना तेवढीच जागा होईल.

माझ्याबरोबर आलेल्या सामानात बस्त्याच्या दिवशी चारचौघांनी न निवडलेली अशी ती एकच वस्तू होती. तरीही मी पाऊल न वाजवता तशीच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला नमुन्याचे एक पुस्तक घेऊन गुरुजींकडे धाडले. गावचे वाचनालय चाळीस वर्षे सांभाळून ते निवृत्त झाले होते. पुस्तके घ्यायची की नाही, हे अजून त्यांनाच विचारत. दृष्टी मंदावली होती. मी नेमकी तीच कादंबरी नेली होती. जायचेच तर सर्वांत लाडके आधी जावे, असा काहीसा हट्ट.

गुरुजींनी पेटीविषयी चकार शब्द काढला नाही. म्हणाले, “वाचून दाखव. पण माणसं गाळ. झाडं, अंगण, बाग, एवढंच वाच.”

मला वाटले, वय झाले. तरी वडीलधाऱ्यांचा शब्द मोडवेना. पाने उलटत मी केवळ हिरवे तेवढे वाचत गेले. आरंभी कादंबरीतल्या सुनेच्या माहेरी दाराशी फुललेला अनंत. मग सासरचे रखरखीत परस. पुढे कितीतरी पानांनी, मोरीच्या पाण्यावर रोवलेली अनंताची एक फांदी, ऊन लागू नये म्हणून तिच्यावर पालथी घातलेली टोपली. आणि अखेरीस सुनेच्या खिडकीपर्यंत पोहोचलेले झाड.

“ती फांदी आणली कुणी?” गुरुजींनी विचारले.

मी पाने उलटली. मागे जाऊन शोधले. कादंबरीतली सासू, जिच्या तोंडी साडेतीनशे पानांत एक गोड शब्द नाही, ती एका लग्नासाठी सुनेच्या माहेरगावी जाऊन येते. परतताना तिच्या हाती ओल्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी असते. लेखकाने एवढेच लिहिले होते. सतराव्या वर्षापासून मी त्या सुनेसाठी रडत आले होते आणि ते फडके दर वेळी ओलांडून पुढे गेले होते.

ती ओळ मी पुन्हा एकदा वाचून दाखवली, तेव्हा गुरुजी म्हणाले, “पहिल्यांदा वाचताना आपण माणसांच्या मागे धावतो. तिचं काय होणार, याची धास्ती असते. शेवट ठाऊक झाला की धास्ती जाते, चाल मंदावते, आणि मग बाजूची बाग दिसू लागते. माणसं तोंडाने जे बोलत नाहीत, ते बरंचसं तिथं लावलेलं असतं. पेटी आणायची की नाही, ते तू घरी ठरव.”

घरी आले तेव्हा दोघी पडवीत मेथी निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून चार काड्या निवडल्या. गुरुजी काय म्हणाले, असे सासूबाईंनी विचारले. या घरात माझा आवाज प्रथमच पुरेसा मोठा निघाला.

“आई, पेटी राहू द्या. त्यातल्या एका सासूबाई मला चौथ्या वाचनात कळल्या. तुमचं तर माझं अजून पहिलंच वाचन चाललंय.”