कमलिनीबाईंचा निवाडा

वाईच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या कमलिनीबाई बर्वे तीन महिन्यांसाठी अमेरिकेला गेल्या, त्याला आता दहा महिने झाले होते. कधी ह्यूस्टनला श्रीरंगकडे, कधी शिकागोला मुकुंदकडे त्या नातवंडं सांभाळत. मुलांनी त्यांना न विचारता परतीचं तिकीट तीनदा पुढे ढकललं होतं.

एका रविवारी श्रीरंगकडे पाहुणे जमले. मुकुंदही आला होता. जेवणं झाली आणि दोघा भावांची जुंपली. एक म्हणे ह्यूस्टन उत्तम, दुसरा म्हणे शिकागोची सर कशालाच नाही. शेवटी श्रीरंगने ऐटीत हाक मारली, "आई, भांडी राहू दे. तू दोन्हीकडे राहिलीस, तूच निवाडा दे."

ओले हात पुसत कमलिनीबाई बाहेर आल्या. "दिलेला निवाडा दोघंही पाळाल?"

"सगळ्यांसमोर शब्द!" दोघं म्हणाले.

"मग ऐका. दोन्ही शहरांत मी फक्त सिंक पाहिलं. शिकागोचं जरा मोठं आहे, पण तेवढ्यावर शहर ठरत नाही. ज्या शहरातून मला घरी जायचं विमान आधी मिळेल, ते शहर उत्तम. लावा चढाओढ!"

श्रीरंग कसनुसं हसला. "आई, चेष्टा पुरे."

"शब्द दिलायस!" त्या कडाडल्या. पाहुण्यांच्या माना खाली गेल्या.

मुकुंदला शुक्रवारचं तिकीट मिळालं, श्रीरंगला गुरुवारचं. ह्यूस्टन जिंकलं, पण श्रीरंगने त्याची बढाई पुन्हा कधीच मारली नाही.