खिडकीखालचा देसकार

"मग देसकार तिलाच का?"

नागेशबुवा तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा सरकवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बुवा, मी विचारतोय."

"ऐकू येतंय."

विश्राम दारातच उभा होता. दत्ताच्या देवळामागच्या या दोन खोल्यांत त्याला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं त्यानं विहिरीचं पाणी शेंदलं, बुवांची धोतरं धुतली आणि भूप गायला. मधे आणखी दोन-चार राग झाले, नाही असं नाही. पण संध्याकाळ झाली की बुवा म्हणायचे, भूप. आणि मथुरा? दोन वर्षांपूर्वी गावातून शिकायला आली आणि आल्या आल्या तिच्या पदरात देसकार पडला.

ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही रागांचे सूर तेच पाच. भूप संध्याकाळचा, तो खाली गांधारावर येऊन विसावतो. देसकार सकाळचा, त्याचा सगळा जीव वरच्या धैवतात. एवढाच फरक, पण त्यात भल्याभल्यांची उमर जाते.

म्हणून बुवांनी नियम घातला होता. एकाची शिकवणी चालू असताना दुसऱ्यानं आसपास फिरकायचं नाही. कान उष्टे होतात, असं ते म्हणत. सकाळी मथुरा आली की विश्राम धुणं घेऊन नदीवर जायचा. संध्याकाळी मथुरा आपल्या घरी.

"परवा तुमच्या गुरूंची, थोरल्या बुवांची पुण्यतिथी," विश्राम म्हणाला. "कोल्हापूरची जाणती मंडळी येणार. सकाळच्या बैठकीला तिला बसवलंत. मला कळलं कुणाकडून? न्हाव्याकडून."

"संध्याकाळी तू आहेसच की."

"भूप!" विश्रामचा आवाज चढला. "नऊ वर्षं भूप! गावातली गुरंसुद्धा ओळखायला लागलीत आता."

"बरं आहे. गुरांना तरी कळतो."

"थट्टा नको, बुवा. वळकटी बांधून झालीय माझी. देसकार द्या, सकाळची बैठक द्या. नाहीतर उद्याच्या पहिल्या गाडीनं मी चाललो."

बुवांनी तार छेडून पाहिली. दोरा आणखी केसभर सरकवला.

"तिच्यात काय आहे, जे माझ्यात नाही?"

बुवांनी तंबोरा उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"भूप गा."

विश्राम बसला. जायचंच आहे तर असा भूप ऐकवून जाऊ की म्हातारा पस्तावला पाहिजे, असं त्याच्या मनात होतं. त्यानं षड्ज लावला. रिषभ घेतला, गांधार घेतला, पंचमावरून धैवताला गेला... आणि तिथंच राहिला. छान वाटत होतं तिथं. त्यानं डोळे मिटले.

बुवांनी तारांवर पालथा हात ठेवला. तंबोरा गप्प झाला.

"हा काय होता?"

"भूप."

"परत."

या वेळी विश्राम जपून गायला. ठरवून गांधारावर आला. पण गळा तिथं टिकेना. पुन्हा वर धैवताकडे धाव. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याच्या कपाळावर घाम आला.

"हा देसकार आहे," बुवा म्हणाले. "आणि चांगला आहे. कोणी शिकवला?"

विश्राम तंबोऱ्याच्या खुंट्या चाचपू लागला.

"नदीवर धुणं किती वेळ चालतं तुझं?"

विश्रामनं मान खाली घातली.

"आठ महिने झाले," तो म्हणाला. "बादली पायरीवर ठेवतो आणि परत येतो. मागच्या खिडकीखाली उभा राहतो. ती चुकली की बरं वाटतं. तुम्ही तिला 'वा' म्हणालात की दिवसभर घास उतरत नाही. मला कधी म्हणाला नाहीत 'वा'. जळतो मी तिच्यावर, बुवा. तिचा गळा बसावा म्हणून दत्तापुढं हात जोडलेत मी."

"दत्तानं ऐकलं?"

"नाही."

"हं."

बाहेर पुजारी पायऱ्या झाडत होता, त्याच्या खराट्याचा आवाज तेवढा येत होता.

"माझा भूप गेला का, बुवा?"

"गेला."

विश्रामच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षं ज्याचा कंटाळा केला, तो गेला म्हटल्यावर त्यानं तंबोरा जवळ ओढून घेतला.

"सकाळी तिलाच बसवा," तो म्हणाला. "तिचा हक्क आहे. मी जातो."

"ती नाही बसू शकत."

"का?"

"आज सकाळी देसकार म्हणवून घेतला तिच्याकडून. धैवत घेते, सुरेख घेते. मग घसरत गांधारावर येते आणि तिथनं उठायचं नाव नाही. भल्या सकाळी दिवेलागण करते पोरगी."

विश्राम बघतच राहिला. "पण तो तर भूप झाला. भूप तिला कुठं शिकवलात तुम्ही?"

"मी नाही शिकवला."

"मग?"

"रोज संध्याकाळी देवापुढं वात लावायला येते म्हणते. एक वात लावायला तासभर लागतो तिला." बुवांनी तपकिरीची डबी उघडली. "मी विचारलं नाही. धुण्याचं तरी तुला कुठं विचारलं होतं?"

"ती... माझं ऐकते?"

"ऐकते, आणि घरी जाऊन रडते. तिची आई सांगत होती."

"का?"

"म्हणते, सोन्यासारखा भूप रोज त्याच्या पदरात घालतात, आणि मला दारात उभं करत नाहीत."

विश्रामला हसू येईना आणि रडूही येईना. जिचं वाईट व्हावं म्हणून त्यानं आठ महिने देव पाण्यात ठेवले, ती त्याच्याच भूपापायी उशी भिजवत होती. त्याला तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

"पण परवाचं काय, बुवा?" तो हळूच म्हणाला. "भूप माझ्याकडे राहिला नाही. देसकार तिच्याकडे नाही. कोल्हापूरची माणसं येणार. काय गायचं आम्ही?"

बुवांनी चिमूट ओढली, डोळे पुसले.

"सकाळी तू देसकार गा. संध्याकाळी ती भूप गाईल."

"पण तुम्ही तर ते आम्हाला..."

"मी दिलेलं दोघांनाही आलं नाही, विश्राम... चोरलेलं आलंय. तेच गा."