बोटभर वायर

एका गावात मोरेश्वर नावाचा एक भोळा गृहस्थ राहत असे. त्याला बुद्धी नव्हती असे नव्हे. सांगितलेली प्रत्येक गोष्ट ती जशीच्या तशी साठवून ठेवी. फक्त कोणती गोष्ट कुठे लावायची, एवढेच तिने कधी विचारले नव्हते.

त्याच्या बायकोच्या, इंदुमतीच्या, आत्याबाईंची पंचाहत्तरी आली. आत्याबाई तरुणपणी गात. त्यांच्या गाण्याची एक रेकॉर्ड निघाली होती आणि तिची एकच प्रत उरली होती, ती त्यांच्या ट्रंकेत. ग्रामोफोन केव्हाच मोडीत गेलेला. म्हणून वाढदिवसाला स्वतःचा तरुण आवाज एकदा ऐकावा, एवढीच आत्याबाईंची इच्छा होती. नातेवाइकांनी वर्गणी काढली, आणि स्टिरिओ आणण्याचे काम मोरेश्वराकडे आले.

दुकानदार नेवाळकर म्हणाला, "साहेब, स्टिरिओचा प्राण वायरीत असतो. वायर भिकार, तर भारीतला स्पीकरही मुका."

मोरेश्वराने सगळ्या पैशांची वायर घेतली. अजगराएवढी जाड, मखमली पेटीत वेटोळे घालून बसलेली.

इंदुमतीने पेटी उघडून पाहिली. "आणि ही जोडायची कशाला?"

"प्राण आणलाय. देह मागाहून येईल."

"अहो, पान वाढताना आपण काय करतो? भात, वरण, पोळी, भाजी पोटभर. चटणी बोटभर. पैशांचंही तसंच. मोठा वाटा स्पीकरचा, त्याखालोखाल ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर. वायर म्हणजे चटणी. चांगली असावी, पण तिनं पोट भरत नाही."

मोरेश्वराला हे तत्काळ पटले. वायर परत करून त्याने स्पीकर घेतले, ॲम्प्लिफायर घेतला, रेकॉर्ड प्लेअर घेतला. मग तर्जनी पुढे केली.

"या मापाची वायर द्या."

"साहेब, एवढीशी?"

"चटणी आहे ती."

घरी दोन्ही स्पीकर ॲम्प्लिफायरला चिकटून बसले, थंडीत शेकोटीला बसावे तसे. इंदुमतीने कपाळावर हात मारून घेतला नाही. लग्नाला बरीच वर्षे झाली होती.

"बोटभर खर्च म्हटलं होतं मी, बोटभर लांबी नाही. पोचायचं तिथपर्यंत पोचून वर थोडी उरली पाहिजे. दहा हात लागत असेल तर अकरा हात घ्यावी."

मोरेश्वराने कोपऱ्यावरच्या दुकानातून अकरा हात साधी तांब्याची वायर आणली. ती नीट पुरली.

दुसऱ्या दिवशी तो आत्याबाईंना आणायला एसटी स्टँडवर गेला. रिक्षा घरापाशी आली आणि घरावरून पुढे गेली.

"जावईबापू, घर मागं राहिलं."

"माहीत आहे, आत्याबाई. पोचून वर थोडं उरलं पाहिजे."

दहा हातांना एक हात जादा, तर स्टँडपासून घरापर्यंतच्या अंतराला किती, हे त्रैराशिक त्याने रिक्षातच सोडवले होते. उत्तर पिठाच्या गिरणीपाशी आले. तिथून आत्याबाई रेकॉर्ड छातीशी धरून उन्हातून चालत परत आल्या.

इंदुमती म्हणाली, "वडीलधारं माणूस घरी आलं की दारातच उतरवून घ्यावं. मऊ गादीवर बसवावं. पाठीला लोड द्यावा."

पण आत्याबाई तोवर पंख्याखाली खुर्चीत बसल्या होत्या. शिकलेले वाया कसे घालवायचे? मोरेश्वराने रेकॉर्ड प्लेअर उचलला, मऊ गादीवर बसवला आणि मागे लोड दिला.

संध्याकाळी सगळे जमले. रेकॉर्ड लागली. प्लेअर गादीत एका अंगाला रुतला होता, आणि गाणे खड्ड्यातल्या बैलगाडीसारखे हेलकावत निघाले.

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, मी दारू पिऊन कधीच गायले नव्हते."

इंदुमतीने प्लेअर टेबलावर सपाट ठेवला. आता गाणे सरळ आले, पण खरखर फार. तिने नेवाळकरला फोन लावून नवऱ्याच्या हातात दिला.

"वायरीची टोकं काळी पडली असतील," नेवाळकर म्हणाला. "पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा. खरखर गेलीच समजा."

मोरेश्वराने टोके घासली. खरखर खरोखरच कमी झाली. आयुष्यात प्रथमच एक सूचना योग्य जागी लागली होती. इंदुमतीने त्याच्याकडे जवळजवळ कौतुकाने पाहिले.

पहिली ओळ ऐकूनच आत्याबाईंचे डोळे भरले. "थांबवा जरा," त्या म्हणाल्या. "आधी सगळ्यांचा चहा होऊ दे. मग निवांत, पुरतं ऐकू."

सगळे चहाला आत गेले. मोरेश्वर मागे राहिला. थोडी खरखर अजून होतीच. ती कुठून येते, हे त्याने बारकाईने पाहिले. रेकॉर्ड काठोकाठ काळी पडली होती.

चहा संपवून मंडळी परतली. मोरेश्वर घामाघूम उभा होता. "आता खरखर नाही," तो म्हणाला.

सुई टेकली आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर अलगद घसरत गेली. खरखर नव्हती. गाणेही नव्हते.

इंदुमती भिंतीला टेकून खाली बसली. आत्याबाईंनी रेकॉर्ड हातात घेतली, उजेडात फिरवली, तिच्या गुळगुळीत अंगावरून बोट फिरवले.

"जावईबापू, माझ्या आईनंसुद्धा मला एवढं न्हाऊमाखू घातलं नव्हतं." मग त्यांनी पदर सावरला. "तबकडी गेली तर गेली. गळा आहे अजून. इंदे, पेटी काढ."

इंदुमतीने पेटीवर सूर धरला आणि आत्याबाई तेच गाणे गाऊ लागल्या. आवाज पंचाहत्तर वर्षांचा होता, पण जागा सगळ्या आठवत होत्या. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. मोरेश्वरही गहिवरून, अगदी लक्षपूर्वक ऐकत होता. वरच्या सुरावर आवाज किंचित खरखरला.

मोरेश्वर पाऊल न वाजवता आत गेला आणि पॉलिश पेपरचा कोरा तुकडा घेऊन आला. आत्याबाईंपुढे अदबीने गुडघे टेकून तो हळूच म्हणाला,

"आत्याबाई, जरा आ करा."