गुलाबशाबाबांच्या सात खुर्च्या

"…आणि चुकले तर?" द्वारकेनं विचारलं.

"चुकलीस तर गेलीस," गुलाबशाबाबा म्हणाले. "परत या दारात खरेदीला यायचं नाही."

"आणि बरोबर सांगितलं तर?"

"सातही तुझ्या. भाव तू बोलायचा."

आधी खुर्च्या मागायला आलेल्यांनाही बाबांनी हेच सांगितलं होतं, हे तिला ठाऊक होतं. एकालाही खुर्ची मिळाली नव्हती.

बाबा म्हणजे फकीर माणूस. अंगात कफनी, गळ्यात मण्यांची माळ, आणि धंदा जुन्या सामानाचा. बेळगावच्या कँपाच्या मागं त्यांचं पत्र्याचं गोदाम होतं. गोरे लोक गेले, बंगले मोडले, त्यातलं जेवढं हाती लागलं तेवढं बाबांनी त्या गोदामात आणून ठेवलं. कपाटं, पलंग, आरसे, घड्याळं. विकून येईल त्यात दर्ग्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालायचं. स्वतःला काही ठेवायचं नाही.

पण सामान नुसतं विकायचे नाहीत. पारख शिकवायचे. पुण्या-मुंबईचे दुकानदार त्यांच्यापुढं मांडी घालून बसायचे.

आणि गोदामातलं सगळ्यात अव्वल काय, तर त्या सात खुर्च्या.

कुण्या साहेबाच्या जेवणाच्या टेबलाभोवतीच्या, हातांच्या खुर्च्या. शिसवी लाकूड. पाठीला बारीक आडव्या पट्ट्या. आणि बैठक लव्हाळ्याची. तळ्याकाठचा लव्हाळा वाळवायचा, परत ओला करायचा, पिळून त्याची दोरी करायची आणि चारी बाजूंनी अशी विणत आणायची, की चार तिकोनी पानं मधोमध टोकाला टोक लावून भेटली पाहिजेत. बघत राहावं असं काम.

सहा खुर्च्या भिंतीला ओळीनं. सातवीवर स्वतः बाबा.

"यातली एक खोटी आहे," बाबा म्हणाले. "दाखव."

द्वारका निपाणीची. बाप सुतार होता, त्याच्या भुशात खेळून वाढलेली. जुनं लाकूड हाताला लागलं की तिच्या बोटांना कळायचं, आणि हे ती चारचौघांत सांगायलाही लाजायची नाही. गर्वच होता म्हणा. बाप गेला, त्याचं जुन्या लाकूडसामानाचं दुकान भावांकडे आलं. जुन्या सामानाची खरेदी मी करते, असं ती म्हणाली, तर दोघे भाऊ हसले. बाईमाणसाला कुणीही गंडवील म्हणाले. तू आपली पॉलिशचं फडकं धर.

त्या दिवशी ती ताटावरून उठली. "गुलाबशाबाबांच्या खुर्च्या घेऊन येते," म्हणाली. "नाही आणल्या तर जन्मभर फडकं धरीन, तोंडातून ब्र काढणार नाही."

असं बोलून आलेली बाई. तिला चुकून चालणार होतं का?

तिनं पदर खोचला. पहिली खुर्ची धरली आणि उलटी केली. पाय वर, पाठ खाली.

दाराशी रायाप्पा बसला होता, तो हसला. रायाप्पा बाबांकडे बरीच वर्षं होता. त्यानंही एकदा हीच खुर्च्यांची परीक्षा दिली होती. त्यानं तिसरी दाखवली. बाबा काहीच बोलले नाहीत. तेव्हापासून तो सामान उचलायचा, झाडलोट करायचा, पण खरेदीत त्याला तोंड उघडायची परवानगी नव्हती. तरी गेला नाही. तिसरीच खोटी, यावर त्याचा अजून विश्वास होता.

"ताई, तोंड सोडून तळवे बघताय होय?" तो म्हणाला.

"तोंड रंगवता येतं, अण्णा."

बाबांनी डोळे मिटले होते. ते किंचित उघडले.

द्वारकेनं पाय अंगठा-बोटाच्या चिमटीत धरून फिरवून पाहिला. गोल कातलेला पाय पुष्कळ वर्षं वाळला की एका अंगानं आकसतो. डोळ्याला गोलच दिसतो, चिमटीला लांबट लागतो. हा लागला.

मग पायांमधली पुढची आडवी दांडी. जेवताना माणसं टाचा टेकतात, तिथं लाकूड झिजून खोलगट झालं होतं. चहाच्या पाण्यानं रंग चढवता येतो, साखळीनं ठोकून घावही पाडता येतात. पण एवढ्या टाचा कुठून आणणार?

सांध्यांत लोखंडाचा खिळा नाही, लाकडाच्याच खुंट्या. आणि प्रत्येक खुंटी थोडी डावीकडे कललेली.

"डावखुरा होता," ती स्वतःशीच म्हणाली.

"कोण?" रायाप्पानं मान पुढं काढली.

"यांना बनवणारा."

ही खरी. दुसरी उलटी केली. तीही खरी. तिसरी उलटी करताना रायाप्पा उठून जवळ आला.

"ही बघा नीट. हा हात बघा, कसा उजळ आहे."

"तळहातानं उजळलाय, अण्णा. माणूस या हातावर भार देऊन उठत असणार. पाय दुखत असेल त्याचा."

"म्हणजे खोटी नव्हे?"

"खरी आहे."

रायाप्पाचं तोंड एवढंसं झालं.

चौथी खरी. पाचवी खरी. सहावी द्वारकेनं सावकाश उलटी केली. टाच, चिमटी, खुंटी… सगळं जिथल्या तिथं. तोच डावखुरा.

सहावीही खरी.

गोदामात दोन-चार गिऱ्हाइकं होती, तीही खुर्च्या सोडून तिच्याकडे बघत राहिली.

आता बघा, हिशेब अंगठेबहाद्दरालाही कळेल असा होता. सहा खऱ्या. एक खोटी. राहिली कुठली?

आणि तेव्हा द्वारकेच्या ध्यानात आलं. तिच्याआधी जे आले ते काही आंधळे नव्हते. त्यांनाही सहा खऱ्या दिसल्या असतील. पण गुरूला "उठा" कोण म्हणणार? गुरूचं आसन पाय वर करून कोण ठेवणार? त्यापेक्षा ओळीतल्या कुठल्या तरी एकीकडे बोट दाखवलेलं बरं. खऱ्याला खोटं म्हटलं तरी चालेल, पण अदब सुटायला नको…

तिनं रायाप्पाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"बोल, बेटी," बाबा म्हणाले.

"बाबा…"

"बोल."

"बाबा, उठा."

"अगं ए!" रायाप्पा ओरडला. "कुणाशी बोलतेस? गुरूला उठवतेस? जीभ झडेल!"

गिऱ्हाइकांत कुजबुज झाली. एक म्हातारा तर कानाला हात लावून बाहेर निघून गेला.

बाबांनी नुसता हात वर केला. सगळे चूप.

मग ते उठले. सावकाश, गुडघ्यावर हात टेकत. बाजूला उभे राहिले. या गोदामात त्यांना उभं असं कुणी पाहिलंच नव्हतं. माणूस उंच होता.

द्वारकेनं खुर्चीला हात लावण्याआधी नमस्कार केला. मग धरली आणि उलटी केली.

रायाप्पा सगळ्यांच्या आधी वाकला.

"हीच! हीच बघा!" त्याचा आवाज फाटला. "लव्हाळा बघा! हिरवट आहे अजून. वास घ्या, तळ्याचा वास येतोय. नवी खुर्ची! नवी कोरी!"

आणि खरंच, बैठक नवी होती. बाकी सहांचा लव्हाळा मधासारखा पिकलेला, हिचा तर गेल्या पावसाळ्यातला. गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. जिंकली की बाई, असं एकजण म्हणालाही.

द्वारका मात्र वाकलेलीच होती.

तिनं पाय चिमटीत धरला… लांबट.

दांडीवरून अंगठा फिरवला… खोलगट.

खुंट्या पाहिल्या.

डावीकडे कललेल्या.

बैठकीखालच्या चौकटीला बोटं लावली. नव्या दोरीच्या मागं लाकडात आधीच्या दोऱ्यांनी पाडलेले चर होते. एकदा विणलेली, तुटलेली, परत विणलेली. किती वेळा, देव जाणे.



"काय झालं?" बाबांनी विचारलं. "हीच खोटी ना? एवढं म्हण. टेम्पो बोलाव. सातही घेऊन जा."



एवढं म्हणायचं, की झालं. सगळे तिच्या बाजूचे होते. रायाप्पासुद्धा. बाबा स्वतः शब्द तोंडात घालत होते. आणि नाही म्हटलं तर? बाबांना चारचौघांत उठवलं, त्यांचं आसन उलटं केलं, आणि हाती काय, तर काही नाही. ती निपाणीला रिकामी गेली असती. भाऊ दुकानाच्या पायरीवरच भेटले असते. काही बोलले नसते. फडकं पुढं केलं असतं.

"म्हण ना, ताई," रायाप्पा हळूच म्हणाला. "एवढा वेळ काय लावताय?"

"नाही," द्वारका म्हणाली.

"काय नाही?"

"ही खोटी नाही. खरी आहे. त्याच हातची आहे."

"अहो, पण लव्हाळा!"

"अण्णा, गादीचा कापूस पिंजून आणला म्हणून पलंग नवा होतो का? बैठक बसून बसून फाटते. फाटली की विणून घेतात. ज्या खुर्चीवर रोज कुणी बसतं, तिची बैठक नवीच असणार."

रायाप्पानं वाकून बैठकीचा परत एकदा वास घेतला.

बाबा पुढं आले. आता त्यांचा आवाज चढला.

"मग खोटी कुठली?"

"एकही नाही."

"मी काय सांगितलं तुला?"

"एक खोटी आहे म्हणून सांगितलंत."

"मग?"

"तुम्ही सांगितलंत, बाबा. खुर्च्यांनी नाही सांगितलं."

…

बाहेर रस्त्यावरून टांगा गेला. त्याचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू आला.

"म्हणजे मी खोटं बोललो?"

आता मागं फिरणं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर द्वारकेला फिरायचंही नव्हतं. तिनं मान वर केली. बाबांच्या डोळ्याला डोळा दिला.

"हो. खुर्च्या सातही खऱ्या. खोटं तेवढं तुमचं बोलणं."



बाबा वळले, चालत दारापाशी गेले. तिथं गिऱ्हाइकांना बसायला एक गोणपाट अंथरलेलं असायचं. बाबा त्या गोणपाटावर बसले. नीट मांडी घालून, कफनी सावरून. नवं गिऱ्हाईक बसतं तसे.

"रायाप्पा," ते म्हणाले.

"जी, बाबा."

"टेम्पो बोलाव. सात खुर्च्या जातील."

रायाप्पा दोन पावलं गेला आणि परत आला. त्याचे डोळे भरले होते, पण तोंडावर हसूही होतं, धड कुठलं खरं कळत नव्हतं.

"बाबा, म्हणजे तिसरी…"

"ती सांगतेय ना खरी आहे म्हणून."

"आणि इतकी वर्षं तुम्ही काही बोलला नाहीत!"

"तू विचारलंस कधी?"

रायाप्पानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला आणि एकदम खो खो हसत सुटला. गिऱ्हाइकंही हसली. तो म्हातारा, कानाला हात लावून गेलेला, काय झालं म्हणून दारातून डोकावला. रायाप्पानं त्यालाच हाताला धरून आत ओढलं. "या आजोबा, हात लावा. खुर्च्या चढवायच्यात. सातही खऱ्या आहेत!"

खुर्च्या एकेक करून टेम्पोत चढल्या. मध्ये पोती, कडेला सुतळी. द्वारका मागं उभी राहून रायाप्पाला ओरडत होती, "पाय वर नको आता, अण्णा, सरळ ठेवा. सगळ्यांना दिसू देत!" भाव तिनं सांगितला. बाबांनी मान हलवली. एका शब्दाची घासाघीस झाली नाही.

"कुठं घ्यायचं, बाई?" ड्रायव्हरनं विचारलं.

"निपाणी. बाजारपेठेतून. आणि हॉर्न वाजवत."

"दुकानाच्या मागल्या दारानं आत घालू का?"

"मागल्या दारानं? पुढून! दोघेही भाऊ पायरीवर बसलेले असतात या वेळी."

ड्रायव्हरला काय समजायचं ते समजलं. तो दात काढत गाडीत चढला.

द्वारका पुढं बसणार, एवढ्यात थांबली. खाली उतरली. काही झालं तरी गुरू ते गुरू. असा माणूस पाठीशी असला तर सबंध मुलुखातली जुनी घरं आपल्याला उघडी, असं तिच्या मनात आलं. ती धावतच दारापाशी गेली, गोणपाटासमोर गुडघे टेकले आणि दोन्ही हात बाबांच्या पायांकडे नेले.

"बाबा, मला शिष्य करून घ्या. तुम्ही सांगाल ते ऐकेन."

बाबांनी पाय मागं घेतले. कफनीखाली झाकून टाकले.

"थांब, बेटी… आधी मला उलटं करून बघ."