ओली पायरी आणि फ्रेंच विशेषणं

एक वृद्ध गुरुजी नदीकाठच्या एका गावी फ्रेंच शिकवीत असत. अशा गावात फ्रेंच कशाला, असं विचारू नका; विद्येला गाव नसतं. त्यांच्याकडे हेमांगी नावाची एक परिचारिका शिकायला येई. फ्रान्समधल्या वृद्धांच्या एका रुग्णालयात तिची निवड झाली होती. फक्त तोंडी परीक्षा व्हायची होती, आणि तिच्याच धास्तीनं हेमांगीची झोप उडाली होती.

तिला छळत होती ती विशेषणं. फ्रेंचमध्ये विशेषण नामाचं लिंग आणि वचन पाहून बदलतं, हे तिनं घोकलं होतं. बहुतेक विशेषणं नामानंतर येतात, मोठं, लहान, सुंदर अशी थोडी नामाआधी बसतात, हेही पाठ होतं. पण तोंड उघडायची वेळ आली की प्रश्न सुरू होत. हे नाम पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? विशेषण आधी की नंतर? एवढ्यात वाक्य अर्ध्यावरच राही. शेवटी तिनं विशेषणंच टाकून दिली. पाणी, ताप, औषध, असं सुटं सुटं बोलू लागली.

"अगं, ताप कसला? बारीक की कडक?" गुरुजी विचारीत. हेमांगी पुन्हा वही उघडून लिंगं शोधू लागे.

एके सकाळी गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि तिला घेऊन घाटावर गेले. नदी दुथडी भरून वाहत होती. वरच्या पायरीवर उभं राहून त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधलं, हातातली काठी हेमांगीला दिली आणि पायऱ्या उतरू लागले.

"गुरुजी, हे काय भलतंच! पडाल ना!"

"तू सांगत राहा, म्हणजे नाही पडणार. हात मात्र लावायचा नाही."

हेमांगीच्या जिवाचं पाणी पाणी झालं. "डावीकडे मोडका कठडा आहे! आता ओली पायरी! अहो थांबा, पुढे मोठं भगदाड आहे, उजवीकडून या!" ती ओरडत राहिली आणि गुरुजी तिच्या शब्दांच्या आधारानं अर्धा घाट उतरले. मग म्हणाले, "आता मराठी बंद. यापुढे मला फक्त फ्रेंच कळतं."

आणि त्यांनी पुढचं पाऊल उचललं.

समोर पुरात वाहून आलेला मोठा दगड पडला होता. त्याच्या खालची पायरी ओली, शेवाळलेली. त्याखाली डोह. "गुरुजी, थांबा हो, तुमच्या पाया पडते!" गुरुजी थांबले नाहीत. तिला दगडाचा फ्रेंच शब्द आठवला, मोठ्याचाही आठवला, पण लिंग काही केल्या आठवेना. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. गुरुजींचा पाय दगडाला लागणार, तोच ती किंचाळली, "ग्रां पिएर!"

पाय अधांतरी थांबला आणि बाजूला वळला.

"मुये मार्श! मुये मार्श!"

गुरुजी होते तिथेच बसले. त्यांनी उपरणं सोडलं. हेमांगी रडत होती. "दोन्ही चुकलं, गुरुजी."

"चुकलं खरं," गुरुजी म्हणाले. "आपला दगड पुल्लिंगी, म्हणून तू 'ग्रां' म्हणालीस. त्यांचा स्त्रीलिंगी, म्हणून 'ग्रांद पिएर'. आणि आपण ओली पायरी म्हणतो. ते आधी पायरी म्हणतात, ओली मागाहून, 'मार्श मुये'. मराठी माणूस इथे चुकायचाच, बाळ. पण मघाशी मोडका कठडा, ओली पायरी, मोठं भगदाड म्हणालीस, तेव्हा लिंग शोधत बसलीस का? लहानपणी तूही 'माझा आई' म्हणाली असशील. घरचे हसले, आणि तू बोलत राहिलीस, म्हणून आज बरोबर येतं. उद्या तिकडे एखादी म्हातारी, दृष्टी गेलेली, तुझ्या भरवशावर पाऊल टाकील. नुसतं पायरी म्हणालीस तर ती उतरेल. ओली म्हणालीस तर वाचेल."

हेमांगीनं डोळे पुसले. "पण मी बोललेच नसते तर? तुम्हाला खालच्या फटीतून दिसत असेल ना थोडं?"

गुरुजींनी उपरणं तिच्याकडे दिलं. ते चार पदरी होतं. तिनं डोळ्यांवर धरून पाहिलं. पुढे मिट्ट काळोख. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला पोहता येत नाही," गुरुजी म्हणाले आणि उठण्यासाठी हात पुढे केला.

हेमांगीनं तो घट्ट धरला. वर चढताना ती प्रत्येक पायरी फ्रेंचमध्ये सांगत होती, चुकत होती, गुरुजी सुधारीत होते. भीती अजूनही तिच्या आवाजात होती. पण आता ती चुकण्याची नव्हती, गप्प राहण्याची होती.