महाराजांच्या पाच उड्या

"एकपादोत्प्लवन!" शास्त्रीबुवा गरजले, आणि दारातला पहारेकरी हात जोडून मटकन गुडघ्यांवर बसला. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्याला कसली तरी शिक्षाच फर्मावली!

'हॉप'ला आपल्यात काय म्हणतात, एवढंच विचारणाऱ्या करंजगडच्या महाराजांनी कपाळावर हात मारून घेतला. कुणा साहेबानं त्यांना जाडजूड इंग्रजी कोश भेट दिला होता, आणि तेव्हापासून राजवाड्यात कुणाची म्हणून धडगत नव्हती.

"बघा!" महाराज कोशावर थाप मारून म्हणाले. "जंप, लीप, हॉप, स्प्रिंग, फ्रिस्क! पाच तऱ्हेच्या उड्या, पाच शब्द. अन् आपल्याकडे? उडी मारणे, उडी मारणे अन् उडी मारणे! हुकूम आहे माझा, उद्यापासून वाड्यातलं सगळं इंग्रजीत. गोजरा, तूसुद्धा!"

गोजरा धनगरीण दुधाची चरवी घेऊन कोपऱ्यात उभी होती. वैद्यांच्या सांगण्यावरून महाराज शेळीचं दूध घ्यायचे, आणि कोणती शेळी कशी आहे, कोणतं करडू कसं उड्या मारतंय, हे तिनं रोज सकाळी येऊन सांगायचं, असा शिरस्ता होता.

"सरकार, माझी जीभ न्हाई वळायची त्यात."

"मग शेळ्या दुसऱ्याच्या ताब्यात दे अन् जा घरी!"

गोजरानं चरवी खाली ठेवली. चाळीस शेळ्या! एकेकीला तिनं जन्मल्या क्षणी ओलीचिंब असल्यापासून पदरात घेऊन वाढवलं होतं. त्या सोडून जायचं? तेही कसल्या तरी फ्रिस्कपायी?

"पर सरकार," ती धीर करून म्हणाली, "ह्या पाची उड्यांना आमच्यात नावं हायती की! शास्त्रीबुवांनी आम्हाला इचारलंच न्हाई."

शास्त्रीबुवांनी नाक मुरडलं. महाराज मात्र हट्टाला पेटले.

"असं? मग सूर्य मावळायच्या आत पाची उड्या करून दाखव, नावासकट! तू नाही मारायच्या, करडांनी नाही. मारणारा मी!" त्यांनी आपल्या भल्यामोठ्या पोटावरून हात फिरवला. "दहा वर्षं झाली, पालखीशिवाय मी हललेलो नाही. मला हात लावायचा नाही, कुणी ढकलायचं नाही. साधलं तर शेळ्या तुझ्या हाताखाली. नाहीतर रामराम!"

दरबार खो खो हसला. गोजरा हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "मग सरकारांनी गोठ्यावर यावं."

वाटेत शेताचा पाट लागला. पलीकडची वाट अरुंद, पालखी जाईना. महाराज काठावर आले. पायात कोरे विलायती बूट! भिजवायचे कसे? त्यांनी मागे-पुढे पाहिलं, धोतर सावरलं आणि गेले की एकदम पलीकडे!

"लिवा, आबाजी!" गोजरा कारकुनाला म्हणाली. "ही झेप."

"अरेच्चा!" महाराज म्हणाले. "ही लीप झाली. बरं, बरं. एकानं काय होतंय?"

गोठ्याशी तिनं त्यांना थांबवलं. "वहाणा भाईर, सरकार. करडांना रोगराई लागती. माझा बापसुदिक कधी पायताण घालून आत गेला न्हाई."

महाराज अनवाणी आत शिरले. भोवती कुंपण बाभळीचं! तिसऱ्याच पावलाला काटा रुतला, आणि संस्थानचे अधिपती एक पाय हातात धरून "आई गं! आई गं!" करत गोठाभर फिरले.

"लंगडी!" गोजरा म्हणाली. आबाजीनं मान खाली घालून लिहिलं. हसू दाबता दाबता त्याची शाई सांडली.

काटा काढून महाराज धापा टाकत एका पोत्यावर बसले. पोत्याखाली बोकड निजला होता. तो उठला, आणि त्याच्या आधी महाराज उठले!

"ही उसळी. तीन झाल्या, सरकार."

"हा फसवाफसवीचा—" महाराज बोलतात तोच मागून एक म्हातारी शेळी त्यांच्या कानात "बेंऽऽ!" करून ओरडली. महाराजांचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले.

"अन् ही साधी उडी. चार!"

आता महाराज सावध झाले. "बस्स! फ्रिस्क तेवढी राहिली. ती काट्यानं होत नाही की बोकडानं होत नाही. कोशात लिहिलंय, मन हरखलं की होते. अन् मी आज अजिबात हरखणार नाही!"

ते एका धोंड्यावर बसले आणि दोन्ही हातांनी धोंडा घट्ट धरला. गोजरानं त्यांच्या मांडीवर काल जन्मलेलं करडू ठेवून पाहिलं. महाराजांनी ओठ आवळले. तिनं खरी गोष्ट सांगितली, खोटी गोष्ट सांगितली. महाराज जागचे हलेनात. दिवस डोंगराला टेकला. आबाजी कासावीस होऊन कधी सूर्याकडे, कधी गोजराकडे बघायला लागला.

गोजरानं हातातली काठी महाराजांच्या पायाशी ठेवली. पदर डोळ्यांना लावला.

"हरले मी, सरकार. तुमचंच खरं. ह्या घ्या तुमच्या शेळ्या."

"हरलीस? खरंच हरलीस?" महाराज धोंड्यावरून उठले. "जिंकलो! अहो आबाजी, जिंकलो मी!" आणि टाळ्या पिटत, गिरक्या घेत, इकडून तिकडे, तिकडून इकडे, अनवाणी पायांनी ते गोठाभर नाचत सुटले. त्यांना बघून करडांनाही चेव आला. राजा पुढे आणि करडं मागे!

गोजरानं पदर खाली घेतला. डोळे ठणठणीत कोरडे होते.

"लिवा, आबाजी. पाचवी. ह्याला म्हनत्यात बागडणं!"

महाराज एक पाय वर धरून जागीच थांबले.

"अगं, पण ते तर मी जिंकलो म्हणून!"

"व्हय, सरकार. म्हनून तर मी हरले!"

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं, अजून टुणटुणणाऱ्या करडांकडे पाहिलं, आणि ते असे हसले, असे हसले, की धोंड्यावर पुन्हा बसावं लागलं. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी गोजराच्या पुढ्यात ठेवलं.

"शेळ्या तुझ्या हाताखाली, अन् वरचा सगळा माळ त्यांच्या चराईला! आबाजी, कोशात ह्या पाची शब्दांपुढे गोजराचे शब्द लिहा. आणि शास्त्रीबुवांना निरोप द्या, उद्यापासून महिनाभर गोठ्यावर शिकायला यायचं. वहाणा बाहेर काढून!"